जगातल्या दमलेल्या लोकांचं रात्रीचं जेवण

परदेशी पदार्थ घरी करायचा म्हटलं की बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात असं माझं ठाम मत आहे. म्हणजे बघा, जपानी काहीतरी करूया म्हटलं की डोळ्यासमोर येतं रामेन (सूपमधल्या नूडल्स), मेक्सिकन म्हटलं की मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट सॉस), फ्रेंच म्हटलं की क्रोसाँ. आता तोंकोत्सु रामेनचं ते पांढरं दाट सूप बारा-बारा तास हाडं उकळल्यावर होतं, मोले पोब्लानोमध्ये वीसेक जिन्नस सहज जातात, आणि क्रोसाँचं पीठ म्हणजे लोणी घालून लाटा, घडी घाला, फ्रिजमध्ये ठेवा, परत लाटा, असं करत करत दुसरा दिवस उजाडतो. हे पदार्थ त्या त्या देशातले लोकसुद्धा रोज घरी करत नाहीत हो! रामेन खायला ते दुकानात जातात, क्रोसाँ बेकरीतून आणतात, मोले सणासमारंभाला होतं. मग आपण दिवसभर काम करून संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या नादाला लागायचंच कशाला?

मी वेगळंच काहीतरी शोधत असतो. तिथला एखादा माणूस दमून घरी आलाय, फ्रिजमध्ये चार अंडी आणि दोन टोमॅटो आहेत, बाहेरून मागवायचाही कंटाळा आलाय, तर तो काय करून खातो? हा प्रश्न विचारला की एकदम वेगळीच दुनिया उघडते आणि गंमत म्हणजे ते पदार्थ अर्ध्या तासात होतात, भांडी कमी पडतात आणि साहित्य बहुतेक घरातच असतं. नवीन असते ती फक्त करायची पद्धत. आणि पद्धत फुकट असते.

अंडं-टोमॅटोपासूनच सुरुवात करतो कारण या जोडीवर मी तासभर बोलू शकतो (घरचे उठून जातात ते सोडा).

चीनमध्ये टोमॅटो-अंडं हा अगदी घराघरातला पदार्थ, कित्येक पोरं स्वयंपाकाचा श्रीगणेशा यानेच करतात. अंडी चिमूटभर मीठ घालून फेटायची, कढई चांगली सणसणीत तापवायची, तेल जरा सढळ हाताने घालायचं आणि अंडी ओतायची. ओतल्या ओतल्या कडा फुगून वर येतात, त्या उलथण्याने आत ढकलायच्या, मोठे मोठे मऊ तुकडे राहिले पाहिजेत, आणि अजून थोडी ओलसर असतानाच अंडी ताटलीत काढून घ्यायची. हे काढून घेणं महत्त्वाचं आहे. मग त्याच कढईत टोमॅटोच्या फोडी, मीठ आणि साखर, हो साखर, टोमॅटो आंबट असतील तर चांगला चमचाभर. टोमॅटो रस सोडून मऊ पडले की अंडी परत आत, अर्धा मिनिट, वरून पातीचा कांदा, झालं. भातावर घ्या नाहीतर नूडल्सवर. अंडी काढून घेतली नसती तर टोमॅटो शिजेपर्यंतच्या पाच मिनिटांत ती रबर झाली असती, बाकी काही रहस्य नाही यात.

आता हेच दोन जिन्नस घेऊन तुर्कस्तानात जा. तिथे मेनेमेन करतात. हिरवी मिरची, म्हणजे ती लांबट कमी तिखटाची, तेलात किंवा लोण्यात परतायची, टोमॅटो घालून पार आळवायचे आणि मग अंडी थेट त्यातच फोडून हलक्या हाताने ढवळायची, घट्ट होऊ द्यायची नाहीत, पाव बुडवून खाता आलं पाहिजे. मेनेमेनमध्ये कांदा घालायचा की नाही यावर तिथे लोक हमरीतुमरीवर येतात. २०१८ मध्ये वेदात मिलोर या प्रसिद्ध खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर यावर मतदान घेतलं तर चार लाखांहून जास्त लोकांनी मतं दिली आणि कांदावाले अगदी निसटते जिंकले! आमच्या घरातही हीच फूट आहे. लेक ताट समोर आलं की आधी काट्याने उकरून बघते आणि मग विचारते, "बाबा, कांदा घातलास ना?" घातलेला असतो. मी कांदावाला आहे.

आणि तिथून समुद्र ओलांडून ट्युनिशियात गेलात तर शकशुका. टोमॅटो, सिमला मिरची, लसूण, जिरं, तिखटासाठी हरीसा म्हणजे लाल मिरचीची चटणी, दाटसर रस्सा झाला की चमच्याने त्यात खळगे करायचे, एकेका खळग्यात एकेक अंडं फोडायचं, झाकण ठेवायचं. पांढरं शिजलं पाहिजे, पिवळं वाहतं राहिलं पाहिजे. इथे एक छोटी गोष्ट सांगतो जी रेसिपीत सहसा लिहिलेली नसते, अंडं घालायच्या आधी रस्सा नीट आळलेला हवा, उलथणं फिरवल्यावर पॅनचा तळ दिसून क्षणभर तसाच राहिला पाहिजे. रस्सा पातळ असला की खळगा टिकत नाही, पांढरं सगळीकडे पसरतं आणि फाटतं, आणि ते शिजायची वाट बघेपर्यंत पिवळं पण घट्ट होऊन बसतं.

तर एक अंडं आधी वेगळं शिजवलं, एक त्यातच ढवळलं, एक अख्खं वाफेवर शिजवलं. साहित्य जवळजवळ तेच आणि तीन संपूर्ण वेगळी जेवणं. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला, सोळाव्या शतकाआधी या तीनही देशांपैकी कुणीच तो बघितलासुद्धा नव्हता, आणि तरी प्रत्येकाने आपापल्या सवयीप्रमाणे त्याचं करायचं ते केलं. हे लक्षात आल्यापासून मी रेसिपी वाचताना साहित्याची यादी आधी बघणं सोडलंय, कृतीतली क्रियापदं बघतो, काय परतलंय, काय काढून ठेवलंय, झाकण कधी आणि गॅस कधी बंद.

पास्त्याकडे वळू. पास्ता म्हणजे क्रीम, चीज आणि लाल सॉसची बाटली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आल्यो ए ओल्यो करून बघा. नेपल्सच्या बाजूचा हा पदार्थ, स्पॅगेटी, लसूण, ऑलिव्ह ऑइल, सुकी लाल मिरची, वर पार्सली, संपलं. रात्री अकराला भूक लागली तरी होतो. पण साहित्य इतकं कमी असलं की लपायला जागा नसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लसणाचे पातळ काप करायचे, ठेचायचा नाही. पॅनमध्ये तेल गार असतानाच लसूण घालायचा आणि मग बारीक गॅस लावायचा. तेलाबरोबर लसूण हळूहळू तापतो, त्याच्या भोवती बारीक बुडबुडे येतात आणि वास तेलात उतरतो. कडांना फिकट सोनेरी रंग आला रे आला की मिरची टाकायची आणि लगेच पळीभर पास्त्याचं पाणी ओतायचं म्हणजे लसूण तिथेच थांबतो, नाहीतर तपकिरी होऊन कडवट लागतो आणि तो कडवटपणा मग सगळ्या प्लेटभर फिरतो. आता पास्त्याचं पाणी. पास्ता उकळताना त्यातलं स्टार्च पाण्यात उतरतं, ते गढूळ पाणी म्हणजे अर्धा सॉस आहे. पास्ता पूर्ण शिजायच्या दोनेक मिनिटं आधी चिमट्याने उचलून थेट तेलाच्या पॅनमध्ये टाकायचा आणि अजून थोडं पाणी घालून गॅस मोठा करून जोरजोरात हलवायचं. सुरुवातीला तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसतं, वाटतं फसलं. मिनिटभर हलवत राहिलात की बघता बघता ते दुधट होतं आणि प्रत्येक स्पॅगेटीला चिकटून बसतं, प्लेटच्या तळाशी तेलाचं तळं साचत नाही. स्टार्च तेल-पाण्याला एकत्र धरून ठेवतं, एवढाच मामला आहे.

यावरून एक गोष्ट उलटी होते. आपल्याला सगळीकडे सांगतात पास्ता भरपूर पाण्यात उकळा. इटलीतला नियम आहे १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मी पाणी त्यापेक्षा बरंच कमी घेतो, पसरट पॅनमध्ये पास्ता जेमतेम बुडेल इतकंच, कारण पाणी कमी म्हणजे स्टार्च दाट आणि सॉस पटकन जमतो. फक्त पहिली दोन मिनिटं हलवत राहायचं म्हणजे चिकटत नाही, आणि मीठ पाण्याच्या हिशोबाने कमी करायचं, ते विसरलात तर खारट.

याच्या पुढची इयत्ता म्हणजे काचो ए पेपे, रोमचा, फक्त पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं चीज, काळी मिरी आणि पास्त्याचं पाणी. ऐकायला सोपं, करायला भयंकर, कारण पाणी जास्त गरम असलं की चीजच्या गुठळ्या होतात आणि एकदा झाल्या की झाल्या. हे इतकं छळतं की इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर चक्क संशोधन केलं आणि २०२५ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनासाठीचं बक्षीस, मिळवलं. त्यांचं म्हणणं असं की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असलं की सॉस फुटत नाही, आणि तेवढं स्टार्च पास्त्याच्या पाण्यातून येईलच याची खात्री नसते, म्हणून सरळ वेगळं स्टार्च पाण्यात शिजवून घाला. म्हणजे १०० ग्रॅम चीजला २-३ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. थोड्या पाण्यात गरम करून त्याची खळ करायची, गार होऊ द्यायची, मग चीज त्यात कालवून पास्ता जरा निवल्यावर मिसळायचा. रोममधल्या आज्जीबाईंना हे कळलं तर काय म्हणतील माहीत नाही पण सॉस सुंदर होतो.

आता कांदा. जगातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत जेवणाची सुरुवात काहीतरी बारीक चिरून तेलात परतण्याने होते आणि ते काहीतरी काय आहे यावर पदार्थ कुठल्या गावचा ते ठरतं. फ्रेंच लोक कांदा, गाजर आणि सेलेरी घेतात, दोन भाग कांदा आणि एकेक भाग बाकीचे. इटालियनही तेच तीन घेतात पण ऑलिव्ह ऑइलमध्ये आणि बरंच बारीक चिरून. अमेरिकेत लुइझियानात गाजराची जागा सिमला मिरची घेते. स्पेनमध्ये कांदा, लसूण आणि टोमॅटो पार जॅमसारखा होईपर्यंत. चीनमध्ये आलं, लसूण, पातीचा कांदा, आणि तिथे परतणं मिनिटाच्या आत संपतं. मी सुट्टीच्या दिवशी यातलं एखादं मिश्रण मोठ्या प्रमाणात चिरून परतून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो, आठवडाभर सूप म्हणा सॉस म्हणा काहीही दहा मिनिटं आधी होतं. सेलेरी मिळाली नाही तर मी हळहळत बसत नाही, कांदा-गाजरावर भागवतो.

पण कांद्याच्या बाबतीत एक तक्रार आहे आणि ती करणारच. रेसिपी लिहिणारे लोक बिनदिक्कत लिहितात "कांदा पाच-दहा मिनिटं परता, गडद सोनेरी होईल". होत नाही! कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी असतं, ते उडून जाईपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंशांच्या वर सरकतच नाही आणि रंग यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. चांगले गडद, गोड, मऊ झालेले कांदे हवे असतील तर पाऊण तास धरून चाला. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो, सूपला चालेल, वर पसरायला नाही चालणार.

आणि हे पाऊण तास ज्याच्यासाठी खर्च करावेत असा पदार्थ म्हणजे मुजद्दरा. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, सगळीकडे होतो. अख्खे मसूर, तांदूळ आणि कांदा, बस. १२२६ मध्ये बगदादला लिहिलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात तो सापडतो, म्हणजे आठशे वर्षं तर झालीच. दोन वाट्या मसूर-तांदूळ मिळून असतील तर मी चार मोठे कांदे घेतो, उभे चिरतो, आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये परतत ठेवून बाकीची कामं करतो. मसूर वेगळे अर्धे शिजवून घ्यायचे, मग तांदूळ, थोडं जिरं, मीठ आणि निम्मे कांदे घालून एकत्र झाकण लावून शिजवायचं. उरलेले निम्मे कांदे अजून थोडे पुढे नेऊन कडा कुरकुरीत करायच्या आणि वरून पसरायचे. सोबत गार दही. ज्याला मांसाहाराशिवाय पोट भरत नाही अशा मित्राला मी हे वाढलंय, त्याने दुसऱ्यांदा घेतलं आणि मांस नव्हतं हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

ते का लक्षात आलं नाही याचं उत्तर बरंचसं जपानमध्ये आहे. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सूपमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या त्या मांसासारख्या भरदार चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, शिंतारो कोदामाने, सुकवलेल्या बोनितो माशात उमामी देणारा दुसरा एक घटक शोधला, आणि पुढे कळलं की हे दोन प्रकार एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीने वाढते. दाशीत, म्हणजे जपानी सूपच्या मूळ पाण्यात, कोम्बू आणि बोनितो एकत्र का असतात ते यातून कळतं, आणि इटालियन लोक टोमॅटोच्या सॉसमध्ये अँचोवी मासा आणि जुनं चीज का घालतात तेही. प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी जिभेला माहीत होतं. मशरूम, सोया सॉस, टोमॅटो प्युरे, मिसो, मुरवलेलं चीज यातलं काहीतरी दोन एकत्र आलं की साधी भाजी पण भरदार लागते.

म्हणून मी घरात चार गोष्टी कायम ठेवतो: सोया सॉस, मिसो, ताहिनी (तिळाची पेस्ट) आणि पीनट बटर. बाकीच्या फॅन्सी बाटल्या घेऊ नका, मागे सारून सारून शेवटी एक्स्पायर होतात.

सोया सॉसमध्ये लाइट आणि डार्क असे दोन असतात आणि लाइट म्हणजे कमी मिठाचा नाही, उलट तोच जास्त खारट, डार्क रंगासाठी. एकच घ्यायचा तर लाइट घ्या. मिसो म्हणजे सोयाबीन कोजी बुरशीने आंबवून केलेली पेस्ट, फ्रिजमध्ये महिनोन् महिने राहते. सूप करताना मिसो अगदी शेवटी, गॅस बंद करून, पळीत थोडं गरम पाणी घेऊन त्यात विरघळवून घालायचा, उकळलात तर वास उडून जातो. पण सूपच कशाला, लोण्यात चमचाभर मिसो कालवून तो भाजलेल्या मक्याला, बटाट्याला, वांग्याला लावा, मग मला सांगा.

ताहिनीची गंमत मात्र बघण्यासारखी असते. वाटीत ताहिनी घ्या, गुळगुळीत वाहती असते. त्यात लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी घाला आणि ढवळा. पातळ व्हायला हवी ना? ती उलट घट्ट होत जाते, ओल्या सिमेंटसारखी, चमचा उभा राहतो, रंग मळकट होतो, आणि नवखा माणूस इथे घाबरून सगळं फेकून द्यायला निघतो. थांबा. तिळातले तेल सोडून बाकीचे कण पाणी शोषून फुगलेत एवढंच झालंय. अजून थोडं बर्फाचं पाणी घाला, ढवळा, अजून थोडं, आणि एका चमच्याला अचानक सगळं सैल पडतं, पांढरंशुभ्र आणि मऊ. लसूण आणि मीठ घातलं की सॉस तयार, भाजलेल्या फ्लॉवरवर ओता, सॅलडवर घ्या, सँडविचला लावा. हमस करायचा असेल तर छोले शिजवताना चिमूटभर सोडा घाला, सालं विरघळल्यात जमा होतात आणि मिक्सरमधून रेशमी हमस निघतो, एकेक साल सोलत बसायची गरज नाही.

पीनट बटरवर येतो. हे आमच्याकडे पावाला लागतं त्यापेक्षा जास्त पातेल्यात जातं, कारण माफे. सेनेगल, माली या भागातलं शेंगदाण्याचं कालवण. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेत पोचला आणि तिथे असा काही रुळला की तिथल्याशिवाय कुणाचा वाटू नये. कांदा, लसूण, आलं परता, टोमॅटो प्युरे घालून तिचा कच्चा लालपणा जाऊन विटकरी रंग येईपर्यंत परता (ही पायरी खाऊ नका), मग रताळं, गाजर, कोबीच्या मोठ्या फोडी किंवा चिकन, पाणी, अख्खी तिखट मिरची न चिरता तशीच. पीनट बटर गरम पाण्यात कालवून सैल करून घाला, बिनसाखरेचं हवं हे सांगायला नको. मंद आचेवर ठेवा आणि कडेने तेल सुटायला लागलं की समजा झालं. तळाला लागतं पटकन, अधूनमधून हलवत राहायचं. भातावर वाढायचं. बायको मसालेदार काही फारसं खात नाही, तरी हे पातेलं ती चाटूनपुसून साफ करते, मिरची अख्खी ठेवल्याने तिखट नको असणाऱ्याला नुसता वास मिळतो आणि हवं असणाऱ्याने ती आपल्या ताटात घेऊन चुरडायची.

शिळ्या अन्नाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही कारण जगातले निम्मे चविष्ट घरगुती पदार्थ उरलेलं संपवायच्या खटपटीतून झालेत असं दिसतं. इटलीतल्या टस्कनीत शिळा पाव भिजवून टोमॅटोबरोबर पान्झानेल्ला, तोच पाव राजमासारख्या पांढऱ्या बीन्स आणि पालेभाजीच्या सूपमध्ये घालून रिबोलीता. लेबनॉनमध्ये शिळा पिटा भाजून सॅलडमध्ये, फत्तूश. मेक्सिकोत शिळे तोर्तिया (मक्याच्या पोळ्या) तळून साल्सात मुरवले की चिलाकिलेस. कोरियात जास्तच आंबलेली किमची (तिखट आंबवलेला कोबी) भाताबरोबर परततात, ताजी किमची त्याला लागतच नाही. उन्हाळ्यात माझं लाडकं म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबाचं गार सूप, साल्मोरेखो, गॅस पेटवायचाच नाही: १ किलो पिकलेले टोमॅटो, २०० ग्रॅम शिळा पाव, १०० ग्रॅम ऑलिव्ह ऑइल, लसणाची एक पाकळी, मीठ, सगळं मिक्सरमध्ये, तेल शेवटी धारेने. गार करून वाटीत घ्यायचं, वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे.

फ्राइड राइसला शिळाच भात का, तर फ्रिजमध्ये भातातलं स्टार्च परत घट्ट होतं आणि वरचा ओलावा सुकतो, म्हणून शितं सुटी राहतात. पण इथे एक गंभीर गोष्ट. शिळा भात म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात नव्हे. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही जिवंत राहतात, साध्या तापमानाला भात तासन् तास राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. त्यामुळे भात झाला की ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. नसेल शिळा तर ताजा भात मोकळा पसरून पंख्याखाली ठेवला तरी बऱ्यापैकी काम होतं.

आता ऑथेंटिक-ऑथेंटिक करणाऱ्यांविषयी. कुणी फोटो टाकला की खाली लगेच हजर, कार्बोनारा पास्त्यात क्रीम? छे छे! मी स्वतः क्रीम घालत नाही, अंडं आणि चीजचा सॉस जास्त छान लागतो म्हणून, पण त्यात धर्म बुडाल्यासारखं काय आहे? कार्बोनारा पदार्थच मुळात दुसऱ्या महायुद्धानंतर नावारूपाला आला. इटलीत १९५४ मध्ये एका मासिकात त्याची कृती छापून आली त्यात लसूण होता आणि चीज होतं ग्रुयेर, म्हणजे स्विस! आणि टोमॅटो सॉसची इटलीतली सगळ्यात जुनी छापील कृती १६९० च्या दशकात नेपल्समध्ये आली ती "स्पॅनिश पद्धतीची" म्हणून. कोरियन किंवा थाई जेवणातली मिरची अमेरिकेहून आली. सगळे कधीतरी कुणाचं तरी उचलूनच शिकलेत.

त्यामुळे साहित्य मी बिनधास्त बदलतो. पेकोरीनो नाही, पार्मेजान घ्या. पार्सली नाही, कोथिंबीर घाला, चव वेगळी होईल पण वाईट होणार नाही. हात लावत नाही तो कृतीला, आणि त्यातल्या आंबट-खारट-गोडाच्या तोलाला. चिनी अंडं-टोमॅटोतली साखर काढलीत तर तो पदार्थ उभाच राहत नाही. मिसो उकळला, लसूण जाळला, कांदा अर्धा कच्चा ठेवला तर बाजारातलं सगळ्यात महागडं सामान आणूनही उपयोग नाही. आणि नाव. इतकं बदललं की मूळ ओळखू येईना तर मी ते नाव वापरत नाही, "टोमॅटोतला पास्ता" म्हणतो आणि वाढतो, कुणी विचारत नाही.

काही गोष्टी मी घरी करायचा विचारही करत नाही. सुशीचा कच्चा मासा, पीकिंग डक, पफ पेस्ट्री. ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी करावं, आपण जाऊन खावं.

शेवटी एक पदार्थ सांगतो ज्याला खरं म्हणजे आधी जागा द्यायला हवी होती, फिलिपिन्सचा अडोबो. ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही जमतो. चिकनचे मोठे तुकडे, अर्धी वाटी व्हिनेगर, त्याच्यापेक्षा थोडा कमी सोया सॉस, वाटीभर पाणी, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ठेचून, दोन तमालपत्रं, चमचाभर अख्खी काळी मिरी. सगळं एकदम पातेल्यात. तिथले जुने लोक सांगतात व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, झाकणही ठेवायचं नाही, त्याचा उग्रपणा उडून गेला पाहिजे, आणि मी ते पाळतो. मग मंद आचेवर पाऊण तास. चिकन मऊ झालं की बाहेर काढून थोड्या तेलात सालीला रंग आणायचा, तोवर रस्सा मोठ्या गॅसवर आटवायचा आणि परत एकत्र करायचं. फ्रिज नव्हते तेव्हा आंबट आणि मिठामुळे हे टिकायचं, म्हणून तर ते असं आहे. शाकाहारी असाल तर मशरूम आणि घट्ट टोफू घ्या, वेळ निम्म्यावर आणा. केलात तर दुप्पट करा, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते, आणि उरलेला रस्सा गरम भातावर घालून वर एक अंडं तळून ठेवलं की तिसऱ्या दिवशीचं पण भागतं.